बोटीच्या ट्रेलरला लागलेला भुंगा: एक प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅली शहराच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची ही गोष्ट. मित्र, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि दर उन्हाळ्यात रत्नागिरीकडून येऊन सहा महिने राहणारे मित्राचे वडील, म्हणजे काका. ओळख पटू नये म्हणून काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. लाकडाचं आणि भुंग्याचं जे घडलं ते मात्र आहे तसंच ठेवलं आहे. मी नोकरीत पुलांची गणितं करायचो, म्हणून पुढे मला बोलावणं आलं.

2022 च्या हिवाळ्यात मित्राने 16 फुटी ॲल्युमिनियमची मासेमारीची बोट ट्रेलरसकट जुनी घेतली. बोट, इंजिन आणि सामान मिळून सुमारे 450 किलो. ज्यांनी असा ट्रेलर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडी सांगाड्यावर दोन लांब लाकडी पट्ट्या समांतर बसवलेल्या असतात आणि बोटीचा तळ त्यांच्यावर टेकतो. इथे त्यांना बंक म्हणतात. दुकानात 'दोन बाय चार' म्हणून मिळणारं लाकूड असतं, पण मोजलं तर ते दीड बाय साडेतीन इंच, म्हणजे 38 बाय 89 मिलिमीटर भरतं. बोटीला ओरखडे पडू नयेत म्हणून त्यावर पाणी सोसणारं कार्पेट गुंडाळतात. ते वरून आणि दोन्ही बाजूंनी येतं आणि खाली पिनांनी ठोकतात. खाली मधोमध तीन-चार बोटं रुंदीची उघड्या लाकडाची पट्टी उरते. हे सगळं प्रकरण त्या पट्टीवर घडलं.

ट्रेलर उभा असायचा परसात, उघड्या बाजूंच्या लाकडी शेडला लागून. शेडच्या पलीकडे कुंपण आणि त्यावर वहिनींनी हौसेने चढवलेला कृष्णकमळाचा वेल. कृष्णकमळाची एक जात या भागात रानातही आपोआप उगवते.

अडचण

एप्रिल 2023 मध्ये ट्रेलरखालच्या फरशीवर भुशाचे छोटे ढीग दिसायला लागले. पिवळसर, जाडसर भुसा. मित्राला वाटलं वाळवी. त्याच आठवड्यात मुलं घाबरून घरात आली. काळ्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या माश्या तोंडासमोर येऊन घोंगावत होत्या. मित्राने वाळवी आणि माश्या ही दोन वेगळी संकटं समजून दोन वेगवेगळे उपाय शोधायला घेतले.

ती दोन नव्हती. हे काकांनी सांगितलं. ते नुकतेच आले होते, प्रवासाचा शीण गेला नव्हता. ट्रेलरखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे, हा आपला भुंगा. पडवीच्या वाशाला लागतो तोच. वाळवी लाकूड खाते, हा खात नाही. हा घर करतो."

निदान बरोबर होतं. जात वेगळी, कूळ तेच. अमेरिकेच्या पूर्व भागात आढळणाऱ्या या भुंग्याचं शास्त्रीय नाव झायलोकोपा व्हर्जिनिका. आपल्याकडे रुईच्या फुलांवर दिसणारे, निळसर पंखांचे मोठे काळे भुंगे याच झायलोकोपा कुळातले. मादी लाकडात साधारण अर्ध्या इंचाचं, ड्रिलने पाडल्यासारखं गोल भोक पाडते. थोडं आत गेल्यावर काटकोनात वळते आणि लाकडाच्या तंतूंच्या दिशेने बोगदा नेते. त्यात परागकण आणि मधाचा गोळा, त्यावर अंडं, मग भुशाचा पडदा, पुन्हा गोळा, अशा एकामागे एक खोल्या करते. तोंडासमोर येऊन घोंगावणारा असतो नर. त्याच्या चेहऱ्यावर पिवळट-पांढरा ठिपका असतो आणि त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरून दाबल्याशिवाय ती सहसा डसत नाही. मुलांना हे समजल्यावर त्यांनी नरांना नावंही दिली.

कोरडं लाकूड भेदणारा भ्रमर कमळाच्या कळीत मात्र अडकून पडतो, ही उपमा आपण कीर्तनात ऐकत मोठे झालो. काकांनी ती ट्रेलरशेजारी उभं राहून मुलांना ऐकवली. मित्र तेव्हा फ्लॅशलाइट घेऊन भोकं मोजत होता. डाव्या बंकला तीन, उजव्याला एक. सगळी खालच्या उघड्या पट्टीवर.

पहिला निर्णय: भोकं बुजवणं

त्याच रात्री मित्राने चारही भोकं लाकडात भरायच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवली. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दोन दिवसांनी फरशीवर ताजा भुसा. एक लांबी आतून कुरतडून फोडलेली होती आणि दुसऱ्या बुजवलेल्या भोकापासून चार इंचांवर नवं भोक होतं. कारण सरळ आहे. हे भुंगे हिवाळा जुन्या बोगद्यांतच प्रौढ अवस्थेत काढतात आणि एप्रिलच्या सुमारास ऊब आली की बाहेर पडतात. एप्रिलच्या रात्री भोक बुजवलं म्हणजे लाकूड पोखरणं हाच ज्याचा व्यवसाय त्याला लाकडात कोंडलं. एक भोक वाढलं, एवढीच कमाई.

काकांनी त्यांच्याकडचा उपाय सुचवला: डांबर, नाहीतर काजूच्या टरफलांचं तेल. कोकणात होड्यांना हे तेल लावतात आणि लाकूड टिकतं. पण हा ट्रेलर दर शनिवारी तळ्यात उतरतो. तेलाचा तवंग पाण्यावर आला असता आणि बोटीचा तळही माखला असता. मित्राने नम्रपणे नाही म्हटलं. काका दोन दिवस रुसले होते.

त्यानंतर मे महिना गेला आणि काहीच केलं नाही. भुसा पडायचा थांबला म्हणून सगळ्यांना वाटलं प्रश्न मिटला. खरं तर मादीचं खोदकाम संपलं होतं आणि आत अळ्या वाढत होत्या.

बंक निसटला तेव्हा

जूनमध्ये जॉर्डन लेक या तळ्याच्या रॅम्पवर, म्हणजे बोटी पाण्यात उतरवायच्या उतारावर, बोट विंचने (पट्टा गुंडाळून ओढणाऱ्या चरकाने) ओढून ट्रेलरवर घेताना डाव्या बंकचं मागचं टोक फिरलं. बंकला लोखंडी कंसावर धरून ठेवणारा बोल्ट लाकडातून आरपार निसटला आणि बोटीचा तळ थेट कंसाच्या कडेवर बसला. तळाला हातभर लांब चरा आणि उथळ पोचा. मागे गाड्यांची रांग. मित्राने दोन मजबूत पट्टे आवळून बोट कशीबशी घरी आणली आणि मला फोन केला.

बंकचं निसटलेलं टोक आम्ही करवतीने लांबीत उभं चिरलं. या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा तास तोच. बोगदा 34 सेंटिमीटर लांब निघाला. त्याच्या अर्ध्या भागाच्या भिंती काळपट, जुन्या आणि पुढच्या भागाच्या ताज्या, उजळ. म्हणजे हे घर त्या वर्षीचं नव्हतंच. भुंगे जुनं घर दरवर्षी थोडं थोडं वाढवत नेतात. आधीच्या मालकाकडूनच हे भाडेकरू बोटीबरोबर आले होते. खोल्यांमध्ये पांढऱ्या अळ्या होत्या, पिवळ्या परागाच्या गोळ्यांवर वाकलेल्या.

मित्राचा निष्कर्ष: भुंग्यांनी लाकूड पोकळ केलं म्हणून बंक गेला. माझा नव्हता. 38 मिलिमीटर जाड आणि 89 मिलिमीटर रुंद फळीच्या बरोबर मधून 15 मिलिमीटर व्यासाचा बोगदा गेला तरी तिच्या वाकण्याला होणारा विरोध एक टक्क्यानेही घटत नाही. फळी वाकते तेव्हा ताण वरच्या आणि खालच्या थरांवर येतो आणि मधला भाग जवळजवळ निवांत असतो. प्रवेशाचं भोक त्यापेक्षा वाईट, कारण ते खालच्या थरालाच छेदतं आणि त्या जागी रुंदीचा सातवा हिस्सा घेऊन जातं. पण फळी तिथेही तुटली नव्हती. ती बोल्टपाशी गेली होती.

बोगदा बोल्टच्या भोकाला जाऊन मिळाला होता. बोट तळ्यात उतरली की बोगदा पाण्याने भरायचा आणि ते पाणी कार्पेटखाली आठवडाभर तसंच राहायचं. बोल्टभोवतीचं लाकूड कुजून ओल्या बिस्किटासारखं झालं होतं. भुंग्याने दार उघडलं, कुजवलं पाण्याने. मी हे इतक्या आग्रहाने सांगतो कारण पुढच्या सगळ्या निर्णयांची दिशा यावर ठरली. फक्त भुंगा अडवायचा म्हटलं तर लाकूड चारही बाजूंनी घट्ट बंद करावं. पाण्याचा विचार केला तर ते वाळलं पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट जातात.

समोरचे पर्याय

मुलांच्या सुट्ट्या सुरू होत्या म्हणून मित्राने कच्च्या पाइनचे दोन तात्पुरते बंक बसवून टाकले. भुंग्यांचा घर करण्याचा मोसम उलटला होता, त्यामुळे तो धोका पत्करण्यासारखा होता. कायमचं काम शरदात करायचं ठरलं.

पहिला विचार कीटकनाशकाचा. भोकात कीटकनाशकाची भुकटी फुंकणं, काही दिवस भोक उघडं ठेवणं म्हणजे येणारा-जाणारा भुंगा तिच्यातून जाईल, आणि मग बुजवणं, हा इथला रूढ उपाय आहे आणि घराच्या लाकडासाठी तो चालतो. पण हे लाकूड जॉर्डन लेकमध्ये बुडतं आणि आमच्या नळाचं पाणी त्याच तळ्यातून येतं. वहिनींनी विचारलं, "विष लावलेलं लाकूड बुडवायचं आणि तेच पाणी प्यायचं?" चर्चा तिथेच संपली. बोरॅक्ससारख्या बोरेट मिठाचाही विषय निघाला. ते वाळवीवर काम करतं ते पोटात गेल्यामुळे. भुंगा लाकूड चघळून बाहेर टाकतो, गिळत नाही, म्हणून त्याला त्याने फारसा फरक पडत नाही.

दुसरा पर्याय प्रेशर ट्रीटेड लाकूड, म्हणजे दाबाखाली औषध मुरवलेलं. हार्डवेअरच्या दुकानातल्या माणसाने तेच सुचवलं आणि मित्राने ते गाडीत भरलंही होतं. मी परत करायला लावलं. अशा लाकडात पूर्वी आर्सेनिकचं मिश्रण असायचं. 2003 अखेर ते घरगुती वापरातून गेलं आणि त्या जागी आलेल्या औषधांत तांब्याचं प्रमाण जास्त असतं. तांबं, पाणी आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. इथे ॲल्युमिनियमचा तळ ओल्या कार्पेटवर आठवडाभर टेकून असतो. भुंग्यापासून लाकूड वाचवता वाचवता बोटच झिजली असती. शिवाय असं लाकूड उन्हापावसात जुनं झालं की भुंगे त्यालाही कधीकधी लागतातच. फायबरग्लासची बोट असती तर माझा सल्ला वेगळा असता.

प्लास्टिकचे बंक हा तिसरा. भुंगा नाही, कूज नाही, खर्च दुप्पट-तिप्पट. अडचण अशी की ते गुळगुळीत असतात. ट्रेलर पाण्यात पोहोचायच्या आधी विंचचा पट्टा सोडला तर बोट रॅम्पच्या काँक्रीटवर घसरून पडते आणि मित्राला पट्टा आधी सोडायची सवय आहे. त्याने स्वतःच हा पर्याय बाद केला, याचं मला कौतुक वाटलं. पांढऱ्या ओकसारखं कठीण लाकूड भुंग्यांना फारसं आवडत नाही आणि पाण्यातही टिकतं. पण हव्या त्या लांबीचं सरळ लाकूड महाग पडत होतं.

शेवटी सापळे. लाकडी खोक्याला वर चढणारी तिरकी भोकं आणि खाली पारदर्शक बाटली. भुंगा आत जातो, उजेडाकडे वळतो आणि बाटलीत पडतो. सापळे चालतात. पण वहिनींचं म्हणणं होतं की कृष्णकमळाला फळ धरतं ते या भुंग्यांमुळेच, आणि ते खरं आहे. त्या फुलाची ठेवणच अशी असते की मोठ्या अंगाच्या भुंग्याच्या पाठीला पराग लागतो. लहान मधमाशी खालून मध पिऊन निघून जाते. सापळा लावलाच नाही.

शेडचा शोध

ऑगस्टमध्ये शेडच्या छपराखालच्या पट्टीवर सुतार पक्षी टोचे मारताना दिसला. तो भुंग्यांच्या अळ्या काढत होता आणि जाता जाता हातभर लांब चिरा पाडून गेला. शिडी लावून बघितलं तर न रंगवलेल्या सीडरच्या त्या पट्टीत 17 भोकं, खाली पिवळ्या-तपकिरी ओघळांच्या रेघा. खरं गाव इथे होतं. बंकमध्ये आधीच्या मालकाकडून आलेले होते खरे, पण ट्रेलर शेजारीच उभा केल्यामुळे गर्दी झालेल्या गावाला नवी वस्ती मिळाली होती. एप्रिलमध्ये आम्ही सगळे ट्रेलरखाली वाकून बघत होतो, डोक्यावर कोणीच बघितलं नाही.

काय केलं

सप्टेंबरच्या सुरुवातीला नवे भुंगे बाहेर पडून फुलांवर फिरत असतात. भर दुपारी एकेका भोकात वाकवलेली तार घालून आत कोणी नाही ना बघितलं, मग लाकडी खुंटी गोंद लावून ठोकली. शेडच्या पट्टीला तैलरंगाचे दोन हात दिले. रंगवलेल्या लाकडाकडे हे भुंगे सहसा फिरकत नाहीत. लाकडात मुरणाऱ्या नुसत्या पातळ रंगाचा, म्हणजे स्टेनचा, तेवढा उपयोग होत नाही.

बंकसाठी औषध न मुरवलेलं डग्लस फर नावाचं लाकूड घेतलं. आधी सगळं कापून, बोल्टची भोकं पाडून, मग रंग. हा क्रम महत्त्वाचा, कारण रंगानंतर पाडलेलं भोक आतून कोरं राहतं. सहाही बाजूंना प्राइमर आणि तैलरंगाचे तीन हात, बोल्टच्या भोकांच्या आतही बारीक ब्रशने. बोल्ट आणि पिना स्टेनलेस. कार्पेट पूर्वीसारखंच तीन बाजूंनी ठेवलं आणि खालची पट्टी मुद्दाम उघडी ठेवली, म्हणजे पाणी गळून जाईल. त्या पट्टीवर पाव इंची घरांची तारेची जाळी ठोकली. हवा आत जाते, भुंग्याचा जबडा लाकडाला लागत नाही. जाळी एकाच बंकला पुरली. उजवा बंक नुसताच रंगवलेला राहिला.

जुन्या बंकचं काय करायचं यावर घरात दोन तट पडले. मित्राला ते जाळायचे होते. वहिनींनी चांगला भाग शेडपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात, आडवा टांगून ठेवला. भुंग्यांनी तिथे राहावं. माझं मत मित्राच्या बाजूने होतं: ते लाकूड म्हणजे पुढच्या वर्षीच्या माद्यांची सोय. सामानाचा एकूण खर्च 140 डॉलरच्या आसपास आला, बोटीच्या तळाची दुरुस्ती वेगळी.

निष्पत्ती

2024 च्या एप्रिलमध्ये शेडवर दोन नवी भोकं दिसली, दोन्ही खुंट्यांना लागून. तारेला वळणाच्या पलीकडचं सगळं कळत नाही, आत कोणीतरी राहिलं होतं. ती भोकं सप्टेंबरमध्ये बुजवली. ट्रेलरवर काही नाही. कुंपणावरच्या जुन्या बंकवर मात्र गजबज होती.

2025 मध्ये उजव्या बंकवर, जिथे जॅक घासून रंग निघाला होता तिथे, एक भोक सुरू झालं. नखाएवढं खोल. मित्राने ते दिसताच खरवडून रंगवलं आणि मादी निघून गेली. जाळीच्या बंकला काही नाही. एका ट्रेलरवरून जाळी श्रेष्ठ असं मी म्हणणार नाही, कारण डाव्या बाजूला जॅक लागतच नाही. बोल्ट काढून बघितले, लाकूड कोरडं आणि कठीण होतं. कुंपणावरच्या लाकडाबद्दलचं माझं भाकीत अजून तरी खोटं ठरलं आहे. दोन मोसमांत भुंगे तिथेच राहिले आणि कृष्णकमळाला भरपूर फळं धरली.

वेगळं काय करता आलं असतं

जुना ट्रेलर घेताना कार्पेटच्या खालच्या कडा उचलून लाकूड बघणं हे पाच मिनिटांचं काम. ते झालं असतं तर तळाचा पोचा टळला असता. भोकं एप्रिलमध्ये दिसली तेव्हा बुजवण्याऐवजी बंक उतरवून बोल्टपाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघायला हवा होता. मऊ लागलं असतं तर बोट तेव्हाच तळ्यावर न नेण्याचा निर्णय सोपा होता. मे महिन्यातल्या शांततेने फसवलं, आणि त्यात मीही होतो. मला एप्रिलमध्येच फोटो पाठवले होते आणि मी "काही होत नाही, मधला भाग निवांत असतो" असं उत्तर दिलं होतं. गणित बरोबर होतं. बोल्ट विचारात घेतला नव्हता.

ट्रेलर शेडपासून दूर उभा करणं फुकट होतं आणि आम्हाला ते सुचायला दीड वर्ष लागलं. आता तो घराच्या पुढच्या बाजूला असतो. दर मार्चमध्ये, भुंगे निघायच्या आधी, मित्र खाली सतरंजी टाकून आडवा होतो आणि रंग कुठे निघाला आहे ते बघतो. काका आलेले असले तर बॅटरी ते धरतात. काजूच्या टरफलांच्या तेलाचा विषय दर वर्षी निघतो.